हाळीचा खड्डा

काचेच्या रिकाम्या बाटल्यांनी भरलेली ढकलगाडी उतारावर हातून सुटली आणि रत्नप्रभाच्या तोंडून जो आवाज निघाला, तसला आवाज आपल्याजवळ अजून शिल्लक आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"सरकाऽऽ! बाजूला सरकाऽऽ!"

पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नुकताच सुरू झाला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. प्रयोगशाळेच्या लांबलचक व्हरांड्यात एक तरुण मातीच्या खोक्यात डोकं खुपसून बसला होता. आवाज कानी पडताच तो बेडकासारखा उडाला, गाडी त्याच्या धोतराला... छे, धोतर कुठलं, चांगली इस्त्रीची पँट होती... तर त्या पँटीला घासून पुढे गेली आणि भिंतीवर आदळली. चार-दोन बाटल्या फुटल्या. खिडक्या-खिडक्यांतून माना बाहेर आल्या आणि सगळे रत्नप्रभाकडे बघायला लागले. तिने पदर तोंडावर धरला. लागलं तर नाही ना, हे विचारायचंही तिला सुचलं नाही, कारण तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती — ओरडले मी, पुन्हा ओरडले!

तो तरुण उठला. त्याच्या नाकाच्या शेंड्याला माती लागली होती.

"हा आवाज तुमचा?"

"माफ करा..." ती अगदी हळू म्हणाली.

"आणि हा कुणाचा?"

"माझाच."

"मला पहिलाच बरा वाटला," तो म्हणाला. नाकावरची माती न पुसताच पुन्हा खोक्याशी जाऊन बसला. त्याचं नाव सयाजी तापकीर. राहणार चऱ्होलीचा, शिकलेला पुण्याचा, आणि काम म्हणाल तर रानोमाळ हिंडून मातीचे नमुने गोळा करायचं. त्या मातीत एखादी औषधी बुरशी सापडते का, ते बघायला. तिला हे सगळं दुपारच्या डब्याच्या वेळी कळलं. नाकाला माती लागली तरी माणूस इतका बरा कसा दिसतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आता ह्या आवाजाची कथा सांगायलाच हवी. रत्नप्रभा मालवणकडची. त्यांचं घर खाडीच्या ह्या काठाला आणि शाळा पलीकडे. होडीवाला बहुतेक वेळा पलीकडच्या माडाखाली झोपलेला असायचा. त्याला उठवायचं तर अख्ख्या खाडीवरून हाक मारावी लागे. सगळ्या पोरांत हिचीच हाक पोचायची. पोरं तिला पुढे करायची, "मार गो रत्ना!", आणि ती मारायची. पुढे वडिलांना दापोडीच्या वर्कशॉपात नोकरी लागली, बिऱ्हाड घाटावर आलं, आणि दोन खोल्यांच्या चाळीत तो खाडीएवढा आवाज कुठे ठेवायचा हेच कुणाला कळेना. त्यात लग्नाचं वय झालं. पहिले पाहुणे बघून गेले आणि मध्यस्थाबरोबर निरोप आला — मुलगी चांगली आहे, पण आवाज फार मोठा. दुसऱ्यांनी तर निरोपही पाठवला नाही. तिने नुसतं "चहात साखर घालू का?" विचारलं होतं, तर मुलाची आई दचकलेली तिने डोळ्यांनी पाहिली.

तेव्हापासून आईचं एकच पालुपद, "हळू उलय गो बाय माझे, हळू उलय!" आणि रत्नप्रभा हळू बोलायला शिकली. इतकं हळू, की कधीकधी आपण बोललो की नुसतं मनात म्हटलं, हे तिचं तिलाच उमजत नसे.

दुसऱ्या दिवशी सयाजी तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"तुमचा आवाज उसना हवाय."

"काय हवंय?"

"नानासाहेबांची परवानगी घेतली आहे." नानासाहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. "चाकणच्या पुढे माळावर एक खड्डा आहे. कुणी खणलेला नाही, भुईच आपणहून खचली आहे केव्हातरी. त्याच्या तळाची माती मला हवीय. पण तिथला रिवाज असा, की खाली गेलेल्या माणसाला वरून कुणीतरी हाळी द्यायची आणि खालच्याने ओ द्यायची. भिमाजी ड्रायव्हरने मागच्या खेपेला हाळी दिली, ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही. तिथल्या म्हातारीने मला मेलेला धरून रडायला सुरुवात केली होती."

रत्नप्रभाला हसू आलं. तिने ते दाबलं.

"दाबू नका," तो म्हणाला. "त्या आवाजाचंही काहीतरी काम असेल."

श्रावण निम्मा सरला होता. कारखान्याची जीप मोशीजवळ इंद्रायणी ओलांडून चाकणकडे निघाली. चाकण मागे पडलं तसा नुसता माळ सुरू झाला. कुसळी गवत, बोरी-बाभळी, मधूनच पिवळा तरवड. ह्या उघड्याबोडक्या माळावर बघायला येण्यासारखं काय असणार, असं रत्नप्रभाच्या मनात आलं, तोच भिमाजीने जीप थांबवली. दहा पावलांवर भुईला तोंड होतं.

खड्डा चांगला चाळीभर रुंद असेल. काठावर एक जुना उंबर ओणवा झालेला, त्याच्या मुळ्या आत लोंबत्या. आतून गार, ओला वास वर येत होता. वर ऊन चटचटत होतं आणि खाली हिरवा काळोख. निम्म्यापर्यंत शेळ्या उतरतील अशी पायवाट होती, तिथे एक कपार आणि पुढे खड्ड्याचं पोट वाकडं झालेलं, त्यामुळे खाली गेलेला माणूस वरून दिसतच नसे.

उंबराखाली शेंदूर लावलेला एक दगड होता आणि दगडाशेजारी मंजुळाबाई. शेळ्या राखायच्या आणि भुईआईला दिवा लावायचा, एवढाच त्यांचा उद्योग. सयाजीला बघून म्हणाल्या, "आलास व्हय रं पुन्यांदा? आन् आज हाळी कोन देनार? ह्यो डायवर असंल तर मी आत्ताच रडून घेते."

सयाजीने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक उंबराला वेढा घालून भिमाजीने धरलं, आणि तो पायवाटेने उतरून वाकणाआड दिसेनासा झाला. मंजुळाबाईंनी रत्नप्रभाला खूण केली. तिने घसा खाकरला. कारखान्यात सगळे एकमेकांना अहो-जाहो करतात, तीच सवय.

"अहो!" तिने हाक मारली. "अहोऽऽ!"

खालून "व्हयऽऽ!" असं उत्तर आलं. एरवी 'हो' म्हणणारा माणूस इथे आला की 'व्हय' म्हणत होता.

रत्नप्रभाने वळून पाहिलं, तर मंजुळाबाई उठून झोपडीकडे निघालेल्या. आल्या त्या पसाभर बाजरी घेऊनच. "ये बाई, पदर पुढं कर. पयल्यांदा आलीस, वटी भरते. आमच्या चऱ्होलीकराची बायकू हायेस, सांगितलं न्हाई ते त्यानं!"

"बायको?" रत्नप्रभा दोन पावलं मागे सरली. "नाही नाही, आजी! मी त्यांच्या कारखान्यात..."

"मग अहो कशाला म्हनलीस?"

"म्हणजे... मानाने म्हटलं."

"ह्या खड्ड्याशी मान न्हाई चालत. हितं नाव घ्यायचं. नावाबिगर भुईआईला कळायचं कसं, कोन हाय आन् कुनाला परत द्यायचं? फकस्त लग्नाच्या बायकूला सूट हाय. तिला नवऱ्याचं नाव घेता येत न्हाई, म्हून तिनं नुसतं अहो म्हनलं तरी आई ऐकून घेती." मंजुळाबाईंनी बाजरी परत ओच्यात टाकली. "तू न्हाईस ना बायकू? मग घे नाव."

भिमाजी दोर धरून आभाळाकडे बघत होता. त्याच्या मिशा हलत होत्या.

"तापकीर साहेब!" रत्नप्रभाने लाजून हाक मारली.

"अडनाव नगं! चऱ्होलीत निम्मं गाव तापकीर हाय!"

आता इलाजच नव्हता. रत्नप्रभाने डोळे मिटले. डोळ्यांपुढे खाडी आली, पलीकडचा माड आला. "सयाजीऽऽऽ!"

खड्डा घुमला. उंबरावरचे पोपट उडाले. वाकणाआडून मग "व्हय!" आलं, आणि ते आधीच्यापेक्षा जरा हळू होतं.

वर आल्यावर सयाजी दोर सोडता सोडता म्हणाला, "माझ्या आईनंतर मला कुणी इतकं मोकळं हाक मारलेली नाही."

"रिवाज आहे म्हणून मारली," ती म्हणाली. पण दापोडीला पोचेपर्यंत ती जीपमध्ये एकटीच हसत होती.

त्या मातीतून काहीतरी उगवलं. काचेच्या बशीत करड्या रंगाचा ठिपका धरला आणि नानासाहेबांनी आणखी नमुने आणायला सांगितले. भादव्यात ती दोघं पुन्हा खड्ड्याशी आली. ह्या खेपेला रत्नप्रभा म्हणाली, "मी उतरते."

"घाबरणार नाही?"

"हाळी कोण देणार आहे, त्यावर आहे."

तो एवढा आनंदला की दोराची गाठ त्याने दोनदा चुकवली.

ती पायवाटेने उतरली, वाकण ओलांडलं आणि तिचे पाय जागीच थांबले. खाली दुसरंच जग होतं. खडकाला शेवाळाची मऊ गादी, त्यातून पाझरणारं पाणी, दगडाच्या प्रत्येक फटीत नेचे. गजकर्णिकेची हत्तीच्या कानासारखी पानं आणि त्यांवर गुलाबी फुलांचे नाजूक घोस. आणि तळाशी, वरून येणाऱ्या उन्हाच्या एका तिरिपेत, चांगली पुरुषभर उंचीची रानकेळ. तिने हात लावून पाहिला. पानावरचा पांढुरका थर बोटाला लागला. तिला हुंदकाच आला. ही चवई होती, तिच्या आजोळच्या डोंगरातली! ती ह्या कोरड्या माळाखाली कशी काय येऊन राहिली होती?

तेवढ्यात वरून हाक आली.

"रत्नप्रभाऽऽ!"

घरी तिचं नाव नेहमी दबक्या आवाजात घेतलं जाई, पुढे "हळू" जोडून. हे नाव वरून उघडं पडलं, भिंतींवर आपटलं, नेच्यांमधून फिरलं आणि पुन्हा पुन्हा तिच्याकडे आलं. आपलं नाव इतकं चांगलं आहे हे तिला माहीतच नव्हतं.

"व्हयऽऽऽ!" ती सगळ्या छातीने म्हणाली.

तिने ठिकठिकाणची माती चमच्याने नळ्यांत भरली, त्यांना कापसाची बुचं लावली आणि ती कपारीपर्यंत चढून आली. तो तिथे उतरून बसला होता. वर भिमाजी आणि मंजुळाबाई कशावरून तरी हुज्जत घालत होते.

"खाली चवई आहे," ती म्हणाली. "आमच्या कोकणातली."

"माहीत आहे. तुम्हाला आपणहून दिसू दे म्हणून सांगितलं नाही."

"पण ती इथं जगली कशी?"

"पूर्वी कधीतरी ह्या बाजूलाही तसं रान असेल. वर सगळं वाळून गेलं. खड्ड्याने मात्र आपल्या पोटात ओल धरून ठेवली." त्याने तिच्याकडे पाहिलं. "घाटावरही कोकण उगवतं, रत्नप्रभाबाई. फक्त... जरा खोल उतरायची तयारी हवी."

"हे मातीबद्दल चाललंय ना?"

"सुरुवात मातीपासून केली होती..."

तिने नजर वळवली. गजकर्णिकेचं एक फूल तिच्या केसांत अडकलं होतं. त्याने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "फूल आहे," एवढंच म्हणाला. तिने ते काढलं नाही.

त्या रात्री जेवताना वडिलांनी सांगितलं, येत्या रविवारी पाहुणे येणार आहेत. मुलगा कोकणातलाच, मुंबईत गोदीत नोकरीला. आईने लगेच रत्नप्रभाला समोर बसवून सराव सुरू केला. नाव विचारतील, असं सांगायचं. शिक्षण विचारतील, मान खाली घालून सांगायचं. "हळू गो, आणखी हळू..." रत्नप्रभा सांगत गेली आणि आवाज उतरत गेला. तिने एकदा चाचरत विचारलं, घाटावरचा मुलगा असला तर? आई म्हणाली, "पोरीक घाटावर दिवची नाय!" आणि भाकरी थापायला घेतली. वडिलांनी मुलीकडे एकदा नीट पाहिलं मात्र.

रविवार तोंडावर असताना तिसरी खेप निघाली. पाऊस उघडला होता, माळावर सोनकी फुलली होती, आणि नानासाहेब म्हणाले होते, ह्या वर्षीची ही शेवटचीच. जीपमध्ये रत्नप्रभा गप्प होती. उंबराखाली दोर बांधताना सयाजीने विचारलं, "आज आवाज घरी विसरलात काय?"

"रविवारी मला बघायला येणार आहेत."

त्याचे हात थांबले.

"चांगली माणसं आहेत म्हणे," ती म्हणाली. "फक्त मला हळू बोलायचंय. त्या दिवशी... आणि पुढेही."

"जन्मभर?"

भिमाजी दोर सोडवत जरा लांब गेला. शहाणा माणूस होता.

"मला सरळच सांगू द्या," सयाजी म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता, तरी तो बोलत राहिला. "तुम्ही ओरडलात त्या दिवसापासून मला दुसरा आवाज गोड लागत नाही. आमच्या घरात सगळे मोठ्यानेच बोलतात, शेतावरची माणसं आहोत. मोट हाकणाऱ्याच्या घरी आवाजाला कोण नावं ठेवणार? कारखाना सोडा असंही कुणी म्हणणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर रविवारच्या आत मी वडिलांना घेऊन दापोडीला येतो, तुमच्या आईच्या पाया पडतो. घाटावरचे म्हणून हाकललं तर पुन्हा येतो."

तिच्या ओठांवर शब्द आले आणि तिथेच अडले. इतक्या दिवसांची सवय होती.

"उत्तर नाही दिलंत तरी चालेल," तो हळूच म्हणाला. "हाळी तेवढी द्या. नाहीतर आजी मला वर येऊ द्यायच्या नाहीत."

तो हसला आणि पायवाटेने उतरून वाकणाआड गेला. भिमाजीच्या हातातला दोर सरकत राहिला आणि मग सैल पडला. सयाजी तळाशी पोचला होता.

"दे हाळी, पोरी," मंजुळाबाई म्हणाल्या.

रत्नप्रभा काठाशी आली. तोंड उघडलं. "स..." एवढंच निघालं. आईचं "हळू गो" कानात होतं, त्या मुलाची दचकलेली आई डोळ्यांपुढे होती. तिने पुन्हा प्रयत्न केला. नुसता वारा.

"अगं, दे की! खाली जित्ता मानूस हाय!"

तो खाली थांबला असेल. त्या चवईपाशी, मान वर करून. नाव आलं की व्हय म्हणेल, माती भरेल, वर येईल, आणि रविवारचं नावसुद्धा पुन्हा काढणार नाही, इतका तो भला होता. चालेल म्हणाला होता. त्याला चालेल, पण मला चालणार आहे का? तिला एकदम स्वतःचाच राग आला. खाडीपलीकडचा झोपलेला होडीवाला उठवायची मी, आणि मला हवं असलेलं माणूस समोर जागं असताना मी गप्प बसू?

नाव घ्यायचं होतं. ते जिभेवर होतं, तीनच अक्षरांचं. पण आता ते घ्यावंसं वाटेना. का वाटेना, हे कळलं तशी ती कानापर्यंत लाल झाली. तिने पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि दापोडीच्या चाळीत इतकी वर्षं कोंडलेला तो सगळा आवाज मोकळा सोडला.

"अहोऽऽऽऽ!"

पोपट उडाले. शेळ्यांनी माना वर केल्या. खड्डा "अहो... अहो..." म्हणत राहिला, आणि मग थांबला. खालून काहीच येईना. रत्नप्रभाने उंबराची मुळी घट्ट धरली. ऐकू गेलं नाही की काय? की ऐकलं, आणि नुसती सवयीची हाक समजले?

"व्हयऽऽऽ!"

आवाज मध्येच फाटला होता. मग पुन्हा आला, आणखी मोठा, "व्हयऽऽ! व्हयऽऽऽ!" आणि दोराला असे हिसके बसायला लागले की भिमाजी ओरडला, "अहो साहेब, माती तर भरा आधी!"

मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून रत्नप्रभाकडे बघत होत्या. "काय गं? मग त्या दिशी कशापायी खोटं बोललीस? म्हनं नवरा न्हाई!"

रत्नप्रभाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला हसूही आवरत नव्हतं.

"त्या दिवशी नव्हते, आजी."

मंजुळाबाईंना उमजायला जरा वेळ लागला. उमजलं तशा त्या पदराने तोंड पुसत झोपडीकडे वळल्या. "बाजरी निवडून ठेवते," जाता जाता म्हणाल्या. "वटी लगीन लागल्यावर. तवर नाव घेऊ नगंस आता, आईनं ऐकलंय."

सयाजी वर आला तेव्हा मातीने माखलेला होता. नाकाच्या शेंड्यालाही होतीच. मातीची एकही नळी त्याने भरली नव्हती.

"ऐकलंत?" तिने विचारलं.

"सगळ्या माळाने ऐकलं," तो म्हणाला. "आता दापोडीला काय सांगणार?"

"हेच," ती म्हणाली. "आणि ह्याच आवाजात."